जखडवेलीच्या शेंगा

माझ्या भावाने दत्तारामकाकांच्या मानेवर कोयता घातला तेव्हा तो हसत होता. हे मी पोलिसांना सांगितलं, चौकशी समितीला सांगितलं आणि दोन्ही वेळा लिहून घेणाऱ्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "हसत होता म्हणजे काय?" म्हणजे हसत होता! त्यात राग नव्हता, दारू नव्हती, जमिनीचा वाद नव्हता. रविवारची दुपार, अडीच वाजलेले, लख्ख ऊन, आणि सुजित आमच्या काकाला मारून हसत होता.

आता नीट सांगते. अर्धवट ऐकून लिहिणाऱ्यांनी आजवर पुष्कळ लिहिलं आहे आणि त्यातलं निम्मं वाचून माझं डोकं फिरलं आहे.

मी प्रणाली शेडगे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचा आसाणकोंड आहे, चाळीस घरांचा. मागे डोंगर, पुढे नदी, मध्ये आम्ही. २०२९ सालच्या पावसाळ्यात तो डोंगर आमच्यावर आला. मी एकोणीस वर्षांची होते, सुजित अकरा. काकांची बायको आणि मुलगा त्याच दरडीत गेले, तरी काका आमच्या घराच्या जागी आले आणि हातांनी माती उपसत बसले. बोटांची नखं निघाली तरी थांबले नाहीत. आधी सुजितचं डोकं दिसलं, मग माझा हात. आई आणि बाबा तिसऱ्या दिवशी सापडले, तेही सगळे नाहीत. पुढे आम्हा दोघांना काकांनीच वाढवलं. सुजितच्या लग्नात मुलाचा बाप म्हणून तेच उभे राहिले.

मी वनस्पतिशास्त्र शिकले ते त्या डोंगरावरच्या रागापोटी. दुसरं काही कारण नव्हतं. एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तिथे आम्ही नऊ वर्षं खपून जखडवेल तयार केली.

मूळ वेल कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे: खाजकुइली. शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस कातडं ओरबाडून काढतो, तीच. पण ती शेंगवर्गातली आहे, म्हणजे तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून मातीला खत पुरवतात. वाढते इतकी की चार महिन्यांत अख्खा उतार झाकते, आणि पाला गळून माती काळीभोर होते. उणीव होती ती फक्त पकडीची. ती आम्ही केशराकडून घेतली. केशराच्या कंदाला काही खास मुळं असतात, ती वाढून झाली की आक्रसतात आणि कंदाला जमिनीत खोल ओढतात. तो गुण आम्ही खाजकुइलीत उतरवला. जखडवेलीचं मूळ पक्कं झालं की चौथाईने आखडतं. गोधडीला टाके घालून दोरा ओढावा तसा अख्खा उतार आवळला जातो. हा सगळा ताण डोंगरमाथ्यावर कातळाच्या भेगांत लावलेल्या, वेलीच्याच चौसष्ट जुन्या गड्ड्यांवर येतो. त्यांना आम्ही खुंट म्हणायचो. मांडीएवढे जाड होते एकेक.

राहिली खाज. गावाने साफ नकार दिला होता. "गावाच्या डोक्यावर खाजकुइली लावणार? वारा सुटला म्हंजी? पोराबाळांच्या डोळ्यांत गेली म्हंजी?" ग्रामसभेत काकांनीच मला विचारलं होतं. मी उभं राहून सांगितलं की खाज काढून टाकू. लव तयार करणारी जनुकं बंद करणं आम्हाला अवघड नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, कशाला, राहू दे, तेवढंच माणसं लांब राहतील. मी हट्ट धरला. माझं गाव, माझी माणसं, मला खाज नको होती. तो हट्ट माझा एकटीचा होता.

सहा वर्षं सगळं छान चाललं. उतारावरचा कातळ दिसेनासा झाला, वर दोन हात जाडीची नवी माती तयार झाली. लोक येऊन फोटो काढायचे. ती माती बघून मला मात्र धडकी भरायची, कारण चांगली माती पाणी धरते आणि पाणी धरलेली माती जड असते. आधी डोंगरावर जेवढं ओझं होतं त्याच्या तिप्पट आता होतं आणि ते निसरड्या कातळावर फक्त वेलीच्या जोरावर तोललेलं होतं. म्हणून मी प्रत्येक खुंटाला ताणमापक बसवला आणि पंधरा दिवसांनी स्वतः येऊन तपासायची.

सहाव्या वर्षी वेलीला शेंगा लागल्या, आणि कशा! टपोऱ्या, गुळगुळीत, हिरव्यागार, घोसाघोसाने लोंबत होत्या. वालाची शेंगसुद्धा इतकी देखणी नसते.

नोव्हेंबरात मला उतारावर सोमीबाई हिलम भेटली. कातकरी, पलीकडच्या वाडीची. तिने ओटी भरून शेंगा तोडल्या होत्या.

"सोमीबाय, हे खायचं नाही," मी म्हटलं.

"आमी खातो की. खाजकुइली आमी कधीपासून खातो." तिने एक शेंग मोडून दाणा दाखवला. "पन सात पानी काढायची. शिजवायचं, पानी फेकायचं. परत शिजवायचं, परत फेकायचं. माझ्या मामानं दोन पान्यांवर खाल्ली नं त्याच्यात भूत शिरलं. भावाचा कान चावून तोडला. सांज झाली तवा उतरलं भूत, मग बसला रडत."

"आता खाज नाही तिला, बघितलंस का?" मला तेवढ्यातही कौतुक सांगायचं होतं.

सोमीबाईने शेंगेवरून अंगठा फिरवला. "तेच सांगतंय, बाय. खाज व्हती तवर ती सांगत व्हती, हात लावू नको. आता कोन सांगनार?"

मी हसले. त्या हसण्याबद्दल मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. गावात येऊन मी एक फलक लावला, 'शेंगा खाऊ नयेत', आणि काकांना बजावलं. काका म्हणाले, "कातकरी खातात की गं." सगळ्या गावाने सोमीबाईच्या माणसांना शेंगा खाताना पाहिलं होतं. पाणी फेकताना कुणी पाहिलं नव्हतं.

आमच्या रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मग तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत. जे आत आहे ते आतच शिजतं, वाफसुद्धा बाहेर जात नाही. त्या वर्षी वालावर मावा पडला होता आणि शेंगा हाती लागल्या नव्हत्या. डोंगरावर मात्र शेंगाच शेंगा होत्या. यापुढचं सांगायला शास्त्रज्ञ नको.

आमच्या कोंडात एक रीत आहे, पहिलं मडकं भाजणाऱ्यांचं. जे पुरुष आगीपाशी राबतात त्यांनी आधी खायचं, बायका-पोरांचं मडकं त्यानंतर उघडायचं. एरवी या रीतीवरून मी काकांशी भांडत असे. त्या रविवारी तिच्यामुळेच बायका आणि पोरं वाचली. मुंबईपुण्याला परतणाऱ्यांच्या गाड्या संध्याकाळच्या होत्या म्हणून पोपटी दुपारीच लागली होती. एक वाजता दहा जणांनी पहिलं मडकं संपवलं. काकांना दात नव्हते, ते दूध-भात खाऊन ओटीवर बसले होते.

मी तेव्हा माथ्यावर ताणमापक तपासत होते. खाली शेतात माणसं पळताना दिसली. वाटलं, क्रिकेट चाललंय. मग मला संदेश उतेकरचा बैल दिसला. तो पुढच्या गुडघ्यांवर बसला होता आणि संदेश त्याच्या पाठीवर कोयत्याने घाव घालत होता, एकाच जागी, एकाच लयीत. बैल केव्हाच मेला होता तरी हात थांबत नव्हता. मी धावत सुटले.

खाली पोचायला पंचवीस मिनिटं लागली. एव्हाना दोघं जण बांधावर ओकत पडले होते. ते सुटले, पोटातलं विष पडून गेलं. बाकीच्यांची तोंडं मी कधी विसरणार नाही. डोळे चमकत होते, जबडे हलत होते आणि सगळे एकदम, भराभर, आनंदाने बोलत होते. गणपत मोरे आंब्याच्या खोडावर स्वतःचं कपाळ आपटत होता आणि प्रत्येक फटक्याला "आणखी, आणखी" म्हणत होता. कवटीचं पांढरं दिसायला लागलं होतं.

त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तिथेच कळलं, कारण ते मी पुस्तकात वाचलेलं होतं. खाजकुइलीत एल-डोपा असतं. मेंदूत गेलं की त्याचं डोपामिन होतं. कंपवाताच्या रुग्णांना तेच औषध मोजून देतात. हवंसं वाटणं, धावावंसं वाटणं, पुन्हा करावंसं वाटणं, हे सगळं डोपामिन करतं. ते हद्दीबाहेर गेलं की माणसाला नसलेलं दिसतं आणि दिसलं त्यावर तो लगेच हात उचलतो, मध्ये विचार उरत नाही. साध्या खाजकुइलीतलं बरंचसं एल-डोपा पोटातच मोडतं, म्हणून ओकाऱ्या होतात आणि माणूस बचावतो. जखडवेलीने इतर रोपांना आणि किड्यांना मारण्यासाठी ते दुपटीने साठवलं होतं, शिवाय ते पोटात मोडू न देणारं दुसरं एक द्रव्यही तिने तयार केलं होतं. हे नंतरच्या तपासणीत कळलं, आधी आम्ही पाहिलंच नव्हतं. उतारासाठी लावलेली वेल कोण खाणार?

सुजित ओटीसमोर उभा होता, हातात कोयता. काका पायरी उतरून त्याच्याकडे येत होते. पाच-सहा पावलांचं अंतर होतं. मी आणखी पन्नास पावलं लांब होते आणि ओरडत होते.

"सुजित, बाळा, कोयता खाली ठेव," काका म्हणाले.

"काका, हलू नका." सुजितचा आवाज इतका प्रेमळ होता! "तुमच्या गळ्याला वेल आलीया. आवळतीया बघा. हलू नका, मी सोडवतो."

"कुठं वेल? काय नाय रे माझ्या गळ्याला."

"हाय. दिसतीया मला."

त्याने कोयता घातला. मान अर्धी तुटली. काका पायरीवर बसले, जसे रोज बसायचे तसेच, आणि मग आडवे झाले. रक्ताची चिळकांडी सुजितच्या तोंडावर उडाली आणि तो हसला. "सुटले!" तो ओरडला. "ताई, बघ, काका सुटले!"

मी किंचाळले का, ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की अंगणाच्या टोकाला माझी भावजय, सुजितची बायको मनाली, दुसरं मडकं विस्तवातून ओढत होती आणि भोवती पोरं ताटल्या घेऊन बसली होती. तिची पाठ आमच्याकडे होती, आरडाओरडा ती पुरुषांची दंगामस्ती समजली होती. मी धावत जाऊन त्या मडक्याला लाथ घातली. मडकं फुटलं, निखारे उडाले, माझी पोटरी भाजली, पोरं रडायला लागली.

"ताई! काय करताय?" मनाली ओरडली, आणि मग तिने वळून ओटीकडे पाहिलं.

मी तिचे खांदे धरले. "शेंगांनी केलंय. ह्यातलं कुणी काही खाल्लं?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

तोवर पुरुष ओटीसमोर जमले होते. सुजित काकांच्या रक्ताने भरलेला हात डोंगराकडे करून बोलत होता. वेल खाली सरकतेय. तिने आईला गिळलं, बाबांना गिळलं, आता पोरांना गिळणार. तिचे खुंट तोडले की गाव सुटेल. आणि बाकीचे माना डोलावत होते, कारण त्यांनाही ती सरकताना दिसत होती. ओकणारे दोघं आणि आंब्याखाली कोसळलेला गणपत सोडून बाकीची सात माणसं कोयते घेऊन उताराकडे निघाली. बैल सोडून आलेला संदेशही त्यांच्यातच होता.

चौसष्ट खुंट. त्यांतले पंचवीस-तीस तुटले की काय होईल हे त्या क्षणी सगळ्या गावात एकट्या मला माहीत होतं.

"मनाली, ऐक. सगळी पोरं, म्हाताऱ्या, जे कोण सापडेल ते घे आणि नदीपलीकडे जा. सामान नको, जनावरं नकोत. आत्ताच्या आत्ता."

"आन् हे?"

"त्याला मी आणते."

"जित्ता आणाल ना, ताई?"

मी पळाले.

वरच्या वाटेने मी जेव्हा माथ्यावर पोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. ताणमापकांच्या खोपटातले भोंगे वाजत होते. लांबूनच आवाज यायला लागला होता, बंदुकीचा बार काढल्यासारखा. ताणलेला खुंट तुटला की मूळ आसुडासारखं उसळतं. त्यातल्या एका फटकाऱ्याने विश्राम मोरेचा गाल कानापासून ओठापर्यंत फाटला होता, आतले दात दिसत होते, आणि तो तसाच पुढच्या खुंटावर घाव घालत होता. वाटेवर दोघं एकमेकांना कोयत्यांनी तोडून पडले होते. एक जिवंत होता, त्याने माझा घोटा धरला, मी लाथेने सोडवून घेतला. तो माझा शाळासोबती होता. मला थांबायला वेळ नव्हता.

मी खोपटातली पहार उचलली. पहिल्या माणसाच्या गुडघ्यावर मागून घातली. गुडघा उलटा वाकला, तो पडला आणि पडल्यावरही कोपरांवर रांगत खुंटाकडे निघाला. त्याची कोपरंही मोडावी लागली. दुसऱ्याला मी खोपटाच्या भिंतीशी गाठून छातीत मारलं. बरगड्या मोडल्याचं मला हातात जाणवलं. माणसाला मारायला किती जोर लागतो याचा मला अंदाज नव्हता. फार लागत नाही.

तेवढ्यात पश्चिमेकडचा भाग गेला.

आधी जमिनीत हातभर रुंदीची भेग पडली, वेलीच्या पानांखालून काळीभोर माती दिसली, सहा वर्षं आम्ही जिचं कौतुक केलं ती. मग सगळं हळूहळू सरकायला लागलं आणि मग हळूहळू राहिलं नाही. विश्राम आणि संदेश त्याच्याबरोबर गेले. विश्राम जाता जाताही कोयता चालवत होता. खाली तीन घरं होती. दोन रिकामी झाली होती. तिसऱ्यात बायजाआत्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांना उचलायला चार माणसं लागायची आणि उचलणारी माणसं वर खुंट तोडत होती.

मी तुटलेले खुंट मोजले. एकवीस. मध्ये सुजित एकटा उरला होता आणि बाविसाव्यावर घाव घालत होता. तो मधला भाग होता. त्याच्या खाली सगळं गाव होतं आणि नदीकाठाने मला अजून माणसांची रांग दिसत होती. मनाली पुढे, मागे पोरं, कुणाच्या पाठीवर म्हातारी. अर्धी रांग अजून अलीकडेच होती.

"सुजित!"

त्याने वर पाहिलं. घामाने आणि रक्ताने तो न्हाला होता आणि मला बघून त्याला खरंच आनंद झाला. "ताई, आलीस! चल, त्या टोकानं तू घे. लवकर होईल."

"सुजित, वेल सरकत नाही. तूच डोंगर सोडवतोयस. खाली पोरं आहेत. तुझी मुलगी आहे."

"तिच्यासाठीच तर!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईला मी काढू नाय शकलो, ताई. लहान व्हतो. माझ्या पायाला धरलं व्हतं तिनं, मातीतनं. सुटला तिचा हात. आता मी मोठा हाय."

हे त्याने मला एकोणीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

त्याने कोयता पुन्हा उचलला. बाविसावा खुंट निम्मा तुटला होता. मी पहार त्याच्या खांद्यावर मारली. त्याने ती झेलून हिसकली आणि दरीत फेकली, पोराच्या हातातली काठी काढून घ्यावी तशी. मग मला एका हाताने बाजूला ढकललं. मारलं नाही. त्या अवस्थेतही मला त्याने मारलं नाही, हे मी समितीपुढे तीनदा सांगितलं.

माझ्या कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी होती आणि आकडीत माझा कोयता. रानात काम करणारं आमच्याकडचं कुणीही त्याशिवाय बाहेर पडत नाही. तो मी काढला.

मला दोन गोष्टी माहीत होत्या. एक, हा माणूस दुखण्याने थांबणार नाही, त्याला दुखतच नाहीये. दोन, अजून दोन-तीन तासांनी हे विष उतरेल आणि माझा भाऊ परत येईल. सोमीबाईच्या मामात शिरलेलं भूत सांजेला उतरलं होतं. माझा हिशेबही तेच सांगत होता. त्याची मान माझ्यासमोर होती. तो वाकलेला होता, पाठमोरा, घामाने केस मानेला चिकटलेले. मानेवर मारलं असतं तर नक्की थांबला असता. हातावर मारलं तर कदाचित थांबेल, कदाचित डाव्या हाताने सुरू करेल, आणि खाली पन्नास-साठ माणसं होती. शहाण्या माणसाने मान धरली असती.

मी हातावर घातला. घाव मनगटाच्या वर बसला. एका घावात तुटला नाही. दुसरा घालावा लागला.

हात कोयत्यासकट खाली पडला. सुजितने त्याच्याकडे नवलाने पाहिलं, वाकून डाव्या हाताने कोयता सोडवायला लागला. बोटं सुटत नव्हती. मी त्याच्या अंगावर पडले, आम्ही दोघं पालापाचोळ्यात लोळलो, त्याच्या तुटक्या हाताने तो मला ढकलत होता आणि माझं तोंड, डोळे, केस त्याच्या रक्ताने भरले. तो "सोड, ताई, राहिलंय" एवढंच म्हणत होता. शेवटी रक्त गेल्यानेच तो ढिला पडला. मी ओढणीने त्याचा दंड आवळला आणि काठी घालून पिळला. बाविसावा खुंट अर्ध्या जाडीवर उभा होता. त्याच्यातून करकर आवाज येत होता, पण तो तुटला नाही.

सहाच्या सुमाराला विष उतरलं. जिथे जो पडला होता तिथे तो उठून बसला. रडणं एकदम सुरू झालं नाही. आधी सगळे आपापल्या हातांकडे बघत बसले. मग ज्याची मी कोपरं मोडली होती त्याने मला विचारलं, "प्रणाली, आपण काय केलं?" त्यांना सगळं आठवत होतं. दारूने विसरायला होतं, ही सोय इथे नव्हती.

सात माणसं गेली. जखडवेल काढता येत नाही, ती काढली तर डोंगर खाली येईल, आणि एवढी जड माती घेऊन आला तर आसाणकोंड शोधावा लागेल. तज्ज्ञांनी तीन दिवस चर्चा करून मला काय सुचवायचंय ते विचारलं. मी सांगितलं, तिची खाज तिला परत द्या. नव्या रोपांना लव येईल असं करा, जुन्यांची फुलं खुडत राहा आणि गाव नदीपलीकडे न्या. एक तरुण गृहस्थ म्हणाले की लोकांना त्रास होईल. मी त्यांच्या अंगावर ओरडले. मला बाहेर बसवण्यात आलं.

सुजितला दवाखान्यात ठेवलं होतं, दाराशी पोलीस. मनाली पहिले दोन दिवस आली, बाहेर बाकावर बसली, आत गेली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला शब्द दिला नव्हता, तरी तिच्या हिशेबी मी पाळला होता.

आठव्या दिवशी सुजित माझ्याशी पहिल्यांदा बोलला. डावा हात पोटावर, उजव्याचं थोटूक पट्ट्यांत गुंडाळलेलं.

"काकांना मी मारलं," तो म्हणाला.

"तुला ते दिसत नव्हते. तुला वेल दिसत होती. हे विष होतं, सुजित, आणि ते माझ्या..."

"मला तेवढा आनंद कधी झाला नव्हता, ताई. लग्नात नाय, पोरगी झाली तवा नाय. काका सुटले म्हणून. तो आनंद जात नाय. डोळे मिटले की परत येतो." त्याने माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट. "मान व्हती की समोर. हात का तोडलास?"

त्याला काय सांगायचं हे मी आठ दिवस ठरवत होते. संध्याकाळी तू बरा होणार होतास, ते मला माहीत होतं. तुझी चूक नव्हती. तुझी मुलगी आहे. सगळं खरं होतं, आणि यातल्या एकाही कारणासाठी मी मान सोडली नव्हती. त्या रांगेतली साठ माणसं मी पणाला लावली होती आणि खुंट तुटला असता तर आज मी कुणाला तोंड दाखवलं नसतं.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "आई गेली, बाबा गेले, काका गेले. तू मला हवा होतास. म्हणून. तुझं काय होईल याचा मी विचारच केला नाही."

बाहेर पोलीस कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

"मग आता सांभाळ," सुजित म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.